चौसष्ट

पाचव्या दिवशी नळ आला, रात्री दोनला.
आधी खोकला, मग वारा,
मग गंजाचा तांबूस घोट,
मग पाणी.
समोरून गंगव्वाची हाक, नीर बंतु, नीर बंतु,
आणि अनगोळची सगळी गल्ली घागरींसकट जागी.
पहिल्या दोन बादल्या मी जास्वंदीला घालते.
जास्वंद काही बोलत नाही.

सकाळी तो आला, टाय लावून,
बैलहोंगलचा इराण्णा, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ.
ओट्यावर दोन पेले मांडले,
एकात नळाचं, एकात त्याच्या बाटलीतलं,
दोन्हीत लोखंडी कांड्या सोडून बटण दाबलं.
बघा हं अक्का, तुम्ही रोज काय पिता ते.
रंग यायला वेळ लागला,
तोवर त्यानं हप्ते सांगितले.
मग नळाचा पेला शेवाळी, मग विटकरी,
वर चहाच्या गाळासारखं काहीतरी फिरायला लागलं.
आमचे हे म्हणाले, शी.

एकवीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत
बाटल्या विसळल्यात.
कांडीचं लोखंड कांडीतूनच सुटतं, इराण्णा,
नळाच्या पाण्यात थोडं मीठ आहे एवढाच त्याचा गुन्हा,
असं मी म्हणाले नाही.
मीटर बुडव की, म्हटलं.
चौसष्ट.
राकसकोपचं पाणी, अजून मऊ.
त्याचा चेहरा आकड्यासारखाच खाली आला.
चौसष्टला यंत्र कशाला?
आणि पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यातले
तीन तांबे गटारीला देऊन एक आपण प्यायचा,
हे गणित कुठल्या गावचं?

तो गेला. मला फार बरं वाटलं.

खिडकीतली बाटली मात्र दुसऱ्या दिवशी राखाडी झाली.
औषधाची असते तेवढीच बाटली, आत कागदाची पट्टी,
विद्याताईंनी लॅबमधून दोन दिल्या होत्या.
नळाचं पाणी भरायचं, बूच लावायचं, हलवायचं नाही.
होतं तसंच राहिलं तर ठीक.
संध्याकाळी शाईसारखी काळी.
मी ती ह्यांना दाखवली नाही,
आधी पिशवीत गुंडाळली, मग पुन्हा उघडून बघितली.
मीटरला मीठ कळतं. बाकी त्याला काय माहीत.
दोन पावसाळे दीपूचं पोट बिघडत होतं
आणि आम्ही कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याला शिव्या घालत होतो.

पाणीपुरवठ्याचा अर्ज कन्नडात.
मला बोलता येतं, लिहिता येत नाही.
गंगव्वाला लिहिता येतं,
पण ऑफिसात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.
तिनं लिहिला, मी बोलले, सह्या दोघींच्या.
मध्येच पेन थांबवून म्हणाली,
वास म्हणजे कसला लिहू गे?
म्हटलं, तुला येतो तोच लिही.

बाराव्या दिवशी रस्ता उकरला.
नळाचा पाइप गटारीच्या पोटातून गेलेला,
सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
नीट, ओढून, दोन गाठी मारून.
ज्यानं बांधली, त्यानं मन लावून बांधली होती.
त्याला दुसरं काही दिलंच नसणार.

सांधा बदलला. तरी मी उकळते.
वाफेनं ओट्यावरच्या टाइल्स घामेजतात,
सिलिंडर आठवडाभर आधी संपतो,
पाण्याला पातेल्याची चव.

परवा इराण्णा पुन्हा दारात,
टाय खिशात, मान उन्हानं काळवंडलेली.
यंत्राचं नाव काढलं नाही. अक्का, पाणी.
तांब्या दिला. ओठ न लावता वरूनच
घटाघटा संपवला, दुसरा मागितला.
तुझ्या घरी कुठलं यंत्र रे?
भाड्याची खोली, म्हणाला,
मालक भिंतीला भोक पाडू देत नाही.
पाणी?
बोअरचं.
मीटर तर तुझ्या बॅगेत असतो की.
हसला. असतो, म्हणाला,
बॅगेची चेन उगाच उघडली, लावली.

आतून मी दुसरी बाटली आणली,
कोरडी, पट्टीवाली.
गळ्यापर्यंत भर, म्हटलं.
हलवू नको.